तरी तूच

अक्षर मी आधी ओळखलं, वाचलं नंतर. निवडणूक अधिकारी मिसेस मिर्झा यांनी शंकास्पद मतांच्या निळ्या ट्रेमधून ती मतपत्रिका उचलली, टेबलावर आमच्यासमोर सरळ करून ठेवली, आणि माझ्या हनुवटीखाली कुणीतरी ओला तळहात धरावा तसं मला झालं. टेबलाच्या या बाजूला मी आणि माझा प्रतिनिधी नेव्हिल. त्या बाजूला ज्युलियन फेन, म्हणजे माझ्याविरुद्ध उभा असलेला सायकलच्या दुकानाचा मालक. उमेदवारांनी कागदाला हात लावायचा नसतो, म्हणून आम्ही तिघेही हात पाठीमागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे वाकून बघत होतो. माझ्या नावासमोरच्या चौकोनात पेन्सिलीची स्वच्छ फुली होती. तिच्याबद्दल कुणाला काही म्हणायचं नव्हतं. म्हणायचं होतं ते खालच्या कोऱ्या जागेबद्दल. तिथे ठसठशीत, सुट्या, डोक्याकडे किंचित रुंद होत गेलेल्या अक्षरांत दोन ओळी होत्या. पहिली: पाणी ८२. दुसरी: तलाव माफ नाही. तरी तूच.

बाहेर शुक्रवारची दुपार होती, आणि आत क्रीडागृहात उजेड मात्र कुठल्याच वेळेचा नव्हता. बॅडमिंटनच्या आखलेल्या रेघांवर लांबच लांब टेबलं मांडलेली, रबरी तळव्यांचा वास, आणि भिंतीपलीकडच्या नव्या जलतरण केंद्राचा क्लोरिनचा वास दाराखालून येऊन सगळ्यांच्या पायांत फिरणारा. पंचवीस पंचवीस मतांचे गठ्ठे रबरबँड लावून माझ्या नावाच्या आणि फेनच्या नावाच्या फळीवर रचून ठेवले होते, आणि दोन रांगा सकाळपासून एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. थ्रॉसल बँक वॉर्डात बारा वर्षं मी निवडून येत होते, दर खेपेला सहाशे-सातशेच्या फरकाने, लाल फितीचं फूल कोटाला लावून घरी चहाच्या वेळेला परतायची मला सवय होती. आज दोनदा मोजून झालं होतं. ट्रेमधले अकरा शंकास्पद कागद सोडले तर मला एक हजार दोनशे चार, फेनला एक हजार दोनशे पाच. मग त्या अकरांची सुनावणी सुरू झाली. कुणी पाचही नावांवरून आडवं ‘सगळे एकाच माळेचे’ असं लिहिलेलं, बाद. कुणी सगळ्यांनाच फुल्या दिलेल्या, बाद. कुणी माझ्या नावाला फुलीऐवजी हसरा चेहरा काढलेला, तो मला मिळाला. आणखी एकाने चौकोन चुकवून माझ्या नावावरच बरोबरची खूण केली होती, तीही मला. एका महाभागाने फेनच्या चौकोनात पुरुषाचं जे काढू नये ते फार निगुतीने काढलं होतं, आणि त्याचा कुठलाही भाग चौकोनाबाहेर गेला नसल्यामुळे नियमाप्रमाणे ते मत फेनचं ठरलं. फेन कानापर्यंत लाल झाला, पण मत त्याने घेतलं. मीही घेतलं असतं. दहा कागद संपले तेव्हा आम्ही दोघं एक हजार दोनशे सहावर येऊन थांबलो होतो. हा अकरावा.

“पाणी ब्याऐंशी,” मिसेस मिर्झांनी वाचलं. त्या आमच्या शहरात येऊन दोन वर्षं झाली असतील. चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेण्याची त्यांची रीत होती. “हे काय असेल?”

“पाणीपट्टी,” फेन म्हणाला. “ब्याऐंशी पौंड. आमचीही वाढलीय.”

“आणि तलाव?”

“तो जुना तरणतलाव असणार. मी आलो त्याच्या आधीच बंद झाला होता. पण दारोदार फिरताना अजून ऐकवतात लोक. माझ्याकडेही ऐकवतात, जसा काही मीच बंद केला.” त्याने माझ्याकडे बघून थोडं हसल्यासारखं केलं. “तुम्हाला तर पाठच असेल, मिसेस ग्रीनवूड.”

नेव्हिलने माझ्या पायावर पाय ठेवला. चुकून नव्हे, टाच जमिनीला टेकवून, जपून, सगळं वजन न देता. नेव्हिल तीस वर्षं आमच्या भागात पोस्टमन होता. नाताळची कार्डं पाकिटावरच्या अक्षरावरून कोणत्या काकूंनी कोणत्या भाचीला पाठवलीत हे तो न उघडता सांगायचा. त्यालाही कळलं होतं.

हे अक्षर थ्रॉसल बँकमध्ये पस्तिशीच्या पुढच्या कुणालाही कळलं असतं. सव्वीस वर्षं ते तलावाच्या दाराशी, तिकिटाच्या खिडकीशेजारी, एका पाटीवर रोज सकाळी सात वाजता उमटायचं. वर पाण्याचं तापमान, तेही जुन्या फॅरनहाइटमध्येच, कारण नवीन अंश आले तरी पाणी काही नवीन आलेलं नाही असं लिहिणाऱ्याचं म्हणणं होतं. आणि खाली एक ओळ. त्याला ती खालची जागा कोरी सोडवायचीच नाही. ‘मिसेस ड्यूहर्स्टचा गुडघा आता बरा आहे.’ ‘काल कुणाचे तरी दात सापडलेत, खिडकीत विचारावे.’ ‘धावू नका, मला मागेही डोळे आहेत.’ पालिकेकडून एकदा पत्र आलं होतं की पाटीवर केवळ अधिकृत सूचना लिहाव्यात; त्या दिवशी पाटीवर, तापमानाखाली, ते पत्र आलं एवढंच लिहिलेलं होतं. लिहिणारा तलावावरचा जीवरक्षक, रखवालदार, बॉयलरचा डॉक्टर, सगळं एकच माणूस: माझा थोरला भाऊ, माल्कम.

माल्कम माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्या तलावात त्याने मला पोहायला शिकवलं तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तो नुकताच तिथे नोकरीला लागला होता. हिरव्या-पांढऱ्या फरशा, वर लोखंडी कमानींचं काचेचं छत, आवाज केला की तो तिप्पट होऊन परत यायचा. तो पाण्यात उभा राहून माझ्या हनुवटीखाली तळहात धरायचा, आणि मागे सरकत राहायचा. “हात आहे,” म्हणायचा, “हात आहे, हात आहे,” आणि पलीकडच्या काठाला माझी बोटं लागली तेव्हा मला कळलं की अर्ध्या वाटेपासून तिथे हात नव्हताच. मी चिडून रडले होते. त्यावर तो म्हणाला होता, “मग परत जाताना तूच मला सांग, हात आहे म्हणून.” पुढे कितीतरी वर्षं मी सभांमध्ये बोलायला उभी राहिले की पहिलं वाक्य तोंडातून सुटेपर्यंत हनुवटीखाली तो ओला तळहात असायचा. नंतर तो काढून घेतला गेला. काढून घ्यायचं कारण मीच दिलं.

कारण असं की मी हात वर केला. नऊ वर्षांपूर्वी, पालिकेच्या सभागृहात, मार्च महिन्यात. छताच्या कमानी गंजून आल्या होत्या, एका रविवारी काचेचा तुकडा उथळ बाजूला पडला होता, नशिबाने तेव्हा तिथे कुणी नव्हतं. दुरुस्तीला जेवढे पैसे लागणार होते तेवढ्यांत शहरातली घर तुटलेल्या पोरांची दोन वसतिगृहं चालत होती, आणि दोन्ही गोष्टींना पैसे नव्हते. माझ्या पक्षाच्या निम्म्या लोकांनी त्या दिवशी आजारपण काढलं. मी गेले. वर प्रेक्षकांच्या बाकांवर माल्कम बसला होता, कामावरचाच पिवळा टी-शर्ट घालून, गळ्यात शिट्टी. मला वाटतं मुद्दामच घातली होती. अध्यक्षांनी ‘बंद करण्याच्या बाजूने’ असं विचारलं आणि मी हात वर केला, अर्धवट नाही, कानाला दंड लागेल इतका सरळ. अर्धवट हात वर करणारी माणसं मला आवडत नाहीत. मी वर पाहिलं नाही. शिट्टी वाजेल असं एकदा वाटून गेलं, पण वाजली नाही.

लोक मला अजून विचारतात, मिसेस ग्रीनवूड, तुम्हाला वाईट नाही का वाटत. वाईट वाटतंच. पण चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्या दोन वसतिगृहांतली पोरं आता मोठी झालीत, त्यांतली एक आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात असते, माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या तीच देते. मी माफी मागितली असती तर माल्कम दुसऱ्या दिवशी बोलला असता. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आईलाही माहीत होतं. आई म्हणायची, “अगं, खोटं का होईना, म्हण की एकदा, चुकले म्हणून. तुम्ही पुढारी लोक एरवी खोटं बोलताच ना.” मी म्हणाले, दुसऱ्या कुणाशी बोलेन, माल्कमशी नाही. आईच्या अंत्यविधीला आम्ही चर्चमध्ये एकाच बाकावर बसलो, मध्ये दोघांचे ओले कोट. प्रार्थनेची वेळ आली तेव्हा त्याने पुस्तक माझ्याकडे सरकवलं, बरोबर पानावर उघडून, माझ्याकडे न बघता. नऊ वर्षांतलं आमचं संभाषण म्हणायचं तर तेवढंच. निवडणुकीच्या दिवसांत त्याच्या गल्लीत मी पत्रकं टाकायची, एकेचाळीस नंबरच्या दारातून पत्रक आत सरकवायची, आणि पितळी झडप वाजू नये म्हणून बोटाने धरून हळू सोडायची. घंटी कधी वाजवली नाही. तो मत देतो की नाही, देतो तर कुणाला, हा विचार मी स्वतःला करू द्यायची नाही.

आणि आता हे. पाणी ८२. म्हणजे काल, गुरुवारी, तो त्या शाळेतल्या मतदान केंद्रावर गेला, प्लायवूडच्या आडोशामागे उभा राहिला, दोऱ्याला बांधलेली ती बोथट पेन्सिल घेतली, फुली मारली. आणि खाली जागा कोरी दिसली.

“मला वाटतं, मत स्पष्ट आहे,” मिसेस मिर्झा म्हणाल्या. “फुली आहे, चौकोनात आहे. प्रश्न एवढाच की या लिखाणावरून मतदार कोण हे ओळखता येतं का. येत असेल तर मत बाद. नाव नाही, पत्ता नाही, सही नाही. मिस्टर फेन, तुमची हरकत?”

फेनने पुन्हा वाकून पाहिलं. तो माणूस वाईट नाही, ही एक अडचणच असते. बरीच निवडणूक मी त्याच्यात काहीतरी खोट शोधण्यात घालवली, आणि मला मिळालं ते एवढंच की तो चहात दूध आधी घालतो. “खरं सांगू का,” तो म्हणाला, “घ्यायची म्हटली तर हरकत घेता येईल. पण तलावावर रागावलेली माणसं या वॉर्डात दोन हजार तरी असतील. यातून एक कसा ओळखणार? नाही. माझी हरकत नाही.”

त्याच्या दृष्टीने हे वाक्य एका मताने हरण्याचं होतं, आणि ते त्याने मान वर करून म्हटलं. नेव्हिलचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. त्याची टाच माझ्या पायावरून उठली, काम झाल्यासारखी.

मी गप्प राहिले असते तर जिंकले होते, आणि कुणालाही फसवलं असं झालं नसतं. ‘ओळखू येतं’ असं नुसतं म्हणणंसुद्धा नियमाच्या काठावरचं होतं. सकाळी दाराशीच गुप्ततेच्या नियमांचा कागद हातात देतात, कुणी कुणाला मत दिलं ते शोधू नका, कळलं तर बोलू नका. म्हणजे गप्प बसणं हाच नियम आणि गप्प बसण्यातच फायदा, असा सुंदर योग राजकारणात फार येत नाही. मी तो कागद पाहत होते. कागद मोजला गेला तर आता मोजणीच्या टेबलावरच्या मुली तो उचलतील, माझ्या शेवटच्या अर्धवट गठ्ठ्याला लावतील, रबरबँड ताणून चढवतील, आणि तो एक हजार दोनशे सातवा होईल. मग तो कुणाचाच नसेल. हसऱ्या चेहऱ्याशेजारी पडून राहील, वर्षभर कुठल्यातरी गोदामात पडेल, मग फाडला जाईल. माल्कमने नऊ वर्षांत मला लिहिलेली ही एकच चिठ्ठी, आणि मी ती मत म्हणून खिशात घालायची, वर मला कळलंच नाही कुणाची ते, असा चेहरा करायचा. बाजूला उभ्या असलेल्या नेव्हिलला माहीत, मला माहीत. चार वर्षं मी त्या खुर्चीत बसणार आणि दर वेळी बसताना मला कळणार की हनुवटीखाली हात आहे, आणि मी म्हणत राहायचं, कुठे, कुणाचा.

शिवाय, हेही सांगून टाकते, मला चिठ्ठ्या टाकायची भीती वाटत नव्हती. बरोबरी झाली की चिठ्ठी टाकतात. मी आजवर लॉटरीत हॅम जिंकलं आहे, एकदा चिमणीच्या आकाराची चहाची किटली जिंकली आहे. सद्गुणाने वागावं आणि जागाही राखावी, असा माझा एकूण बेत होता. स्वतःबद्दलचा हा विश्वास मला घरातूनच मिळालेला आहे. आमच्यात कुणालाच तो कमी पडला नाही, म्हणून तर बोलणं बंद होऊ शकलं.

“माझी हरकत आहे,” मी म्हणाले.

मिसेस मिर्झांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “मत तुम्हाला आहे, मिसेस ग्रीनवूड.”

“दिसतंय मला.”

“मी बावीस वर्षं मतमोजणी करते,” त्या सावकाश म्हणाल्या, “स्वतःच्या मताला हरकत घेणारा उमेदवार पहिल्यांदाच बघतेय. हरकत कशावर?”

“मतदार ओळखू येतो.”

“कोण?”

“ते मी सांगणार नाही. सांगायचं नसतं ना.”

“मग ओळखता येतं, हे मी कशावरून मानू? तुम्ही म्हणता म्हणून?”

नेव्हिल छताकडे बघत होता, जसं काही तिथे फार महत्त्वाचा पक्षी बसला आहे. पण टेबलाच्या टोकाशी मोजणीला बसलेली बाई, साठीची, अंगठ्यावर रबरी टोपी चढवलेली, तिने मान लांब करून कागद पाहिला. तिचं तोंड उघडलं. मग तिने ते हाताने झाकलं, टोपीसकट.

मिसेस मिर्झा हुशार बाई आहेत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग नेव्हिलकडे, मग माझ्याकडे. “तुम्हालाही?” त्यांनी त्या बाईला विचारलं.

“मी काही बोलत नाही,” ती म्हणाली. “पण त्या ब्याऐंशीत मी तीन पोरं पोहायला शिकवून घेतलीत.”

“नेव्हिल?”

“मला चष्मा बदलायचाय,” नेव्हिल म्हणाला. मग थांबून, माझ्याकडे न बघता, “बदलायचाय, पण एवढाही काही नाही.”

मिसेस मिर्झांनी कागद पुन्हा हातात घेतला. त्या तो बराच वेळ वाचत होत्या. दोन ओळींना एवढा वेळ लागत नाही. मग त्यांनी शिक्का उचलला आणि फुलीला न लागता, अक्षरांना न लागता, वरच्या कोपऱ्यात, फार बेताने मारला. बाद. मला ते आवडलं. मारायचाच होता, पण आडवातिडवा मारला नाही.

“अगं बये,” नेव्हिल माझ्या कानाशी म्हणाला, “तोंड मिटून राहायला तुझं काय जात होतं? गेली बारा वर्षं मी तुझी पत्रकं पावसात वाटतोय. माझ्या गुडघ्यांना विचार.”

“मिसेस ड्यूहर्स्टला दाखव तुझे गुडघे.”

“ती वारली.”

“मला माहीत आहे, नेव्हिल.”

“भाऊ आहे तो तुझा. मत त्याचं. टाकलं त्याने. तू कोण काढून घेणारी?” तो कुजबुजत होता, आणि त्याचे डोळे खरोखरच ओले झाले होते, रागाने की गुडघ्यांनी कोण जाणे. हा प्रश्न मला टोचला. अजून टोचतो. मला वाटलं होतं मी काहीतरी सोडते आहे. मी काढून घेते आहे असं मला वाटलंच नव्हतं.

चिठ्ठ्यांसाठी काही मिळेना. मतपेटी मोठी, चहाचे कप कागदी. शेवटी क्रीडागृहाच्या माणसाने टेबल-टेनिसच्या चेंडूंचा पत्र्याचा डबा रिकामा करून दिला. चेंडू जमिनीवर टपटपत चारी दिशांना गेले आणि क्षणभर सगळं क्रीडागृह, लाल, निळ्या, पिवळ्या, हिरव्या फुलांची माणसं, खाली वाकून ते गोळा करत होती. मिसेस मिर्झांनी दोन सारखे कागद फाडले, आमच्या दोघांना दाखवून नावं लिहिली, सारख्या घड्या घातल्या. डबा हलवला. मी चेहऱ्यावर जे हसू ठेवायचं ते आधीच ठेवून दिलं होतं, नम्र, फार दात न दाखवणारं, फेनच्या खांद्यावर हात ठेवताना शोभेल असं. डब्यातून निघालेला कागद त्यांनी उलगडला आणि वाचला. “फेन.” नियमाप्रमाणे चिठ्ठीचं ते एक मत त्याच्या खात्यात जास्त. हसू काढायला वेळ नव्हता, म्हणून तेच वापरलं. फेनचा हात गार पडला होता. “मला हे असं नको होतं,” तो म्हणाला. “असंच असतं,” मी म्हणाले, “तुम्ही दुसऱ्या कुठल्या प्रकारे येणार होतात?” आणि मग, तो फारच अवघडून उभा राहिलेला बघून, “गोल्डन स्ट्रीटवरचा दिवा चार महिने बंद आहे. सोमवारी तेच आधी करा. लोक विसरत नाहीत.”

अडतीस नंबरच्या बसने मी परतले. वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसले, कोटाचं फूल काढून पिशवीत टाकलं. चढावरून शहर दिसत होतं: गिरण्यांच्या चिमण्या, गिरण्यांमधले फ्लॅट, आणि दोन्हींच्या मधे तलावाचं छत जिथे होतं तिथे आता गाड्या उभ्या करतात. ही बस मी आणली. दोन वर्षं भांडून आणली, तलाव गेल्यावर पोरांना नव्या केंद्रापर्यंत जाता यावं म्हणून. मी खिडकीतून एकेक गोष्ट बघत होते आणि मला कळत होतं की ही आता माझी नाही, हा खड्डा माझा नाही, तो बाक माझा नाही. त्यात एक विचित्र हलकेपणा होता. काठ सोडल्यावर पहिल्या दोन हातांत असतो तसा. बुडत नाही आपण, पण पायाखाली काही नाही. माल्कमच्या घरापाशी, एकेचाळीस नंबरला, मी उतरले तेव्हा चार वाजत होते.

आमच्याकडे पुढच्या दाराने पोलीस येतात, पाद्री येतात आणि उमेदवार येतात. घरची माणसं मागून येतात. मी गल्लीला वळसा घालून, कचऱ्याच्या डब्यांना चुकवत, मागच्या दाराशी गेले. ते उघडंच होतं. माल्कम स्वयंपाकघरात उभा राहून बटाटे सोलत होता. केस सगळे पांढरे, खांदे अजून तेवढेच. मधल्या काळात मी त्याला लांबून कितीदा पाहिलं असेल, पण हाताच्या अंतरावरून नाही. कानावर एक नवी जखमेची खूण होती, ती कशाची हे मला माहीत नव्हतं.

“काय गं,” तो म्हणाला. मी कालच येऊन गेल्यासारखा.

“पडले.”

“ऐकलं रेडिओवर. चिठ्ठी काढली म्हणे.”

“हो. बरोबरीत होतो. एक मत बाद झालं.”

“कुणा गाढवाने दोन फुल्या मारल्या असतील.”

“एकच होती. खाली लिहिलं होतं.”

सुरी थांबली. नळ थेंब थेंब गळत होता. त्याच्या घरातला नळ गळावा याचं मला नवल वाटलं. “लिहिलं तर काय झालं,” तो म्हणाला. “नाव नव्हतं घातलं.”

“ओळखू आलं.”

“कुणाला? त्या नव्या अधिकारणीला? ती लेस्टरची आहे.”

“मला. मीच हरकत घेतली.”

तो वळला. सुरी हातात, सालीची लांब पट्टी सुरीला लोंबत. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला वाचता येत नव्हतं, आणि पूर्वी येत असे. “म्हणजे माझं मत नसतं बाद झालं तर...”

“निवडून आले असते.”

“आणि तू ते फेकून दिलंस.”

“हो.”

“आधी तलाव,” तो म्हणाला, “आता मी.”

नेव्हिलने विचारलेलंच त्याने विचारलं होतं, आणि त्याला विचारायचा हक्क होता. मी कोट न काढता दारात उभी होते. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याच्या छातीतून खोकल्यासारखा आवाज आला, आणि तो परत आला, आणि मला कळलं की तो हसतो आहे. हसताना त्याने सिंकचा काठ धरला होता.

“चुकले, असं म्हणायला आलीस का?”

“नाही.”

“तलावाबद्दल?”

“तेव्हाही नाही चुकले.”

“वाटलंच.” त्याने पुन्हा बटाटा घेतला. “मग काय त्या सायकलवाल्याला मत देणार होतो मी? त्याला पोहता तरी येतं का?” थोड्या वेळाने: “कोट काढ. दार लोट, वारा येतो. तीन बटाटे जास्त घेऊ?”

“दोन पुरे.”

मी कोट काढला. खुंटी कुठे आहे हे माहीत नव्हतं, म्हणून खुर्चीवर टाकला. त्याने मला दुसरी सुरी दिली आणि आम्ही शेजारी उभे राहून सोलू लागलो. तो जाड सोलतो, आईसारखा, मी पातळ. कानावरची खूण कशाची, हे विचारायला अजून वेळ होता. माझ्याकडे आता वेळच वेळ होता, सोमवारी सभा नव्हती, मंगळवारी नव्हती.

“दुसरी जागा पुढच्या मे महिन्यात निघते ना,” तो म्हणाला. आमच्या वॉर्डाला तीन नगरसेवक, आणि वर्षाला एकेकाची पाळी; ते त्याला चांगलं माहीत होतं. “त्या म्हाताऱ्या हॅरल्डची. उभी राहशील?”

“राहीन.”

“येशील निवडून?”

“येईन,” मी म्हणाले, आणि मला त्यात तिळभर शंका नव्हती. “पण एक ऐक. त्या वेळी नुसती फुली मार. चौकोनात. खाली काही लिहू नकोस. काय सांगायचं ते इथे सांग, तोंडावर.”

माल्कमने बटाटा पाण्यात सोडला. तो तळाला जाऊन हलकेच आदळला.

“नुसती फुली,” तो म्हणाला. “ती तर कुणीही मारतं.”